सुनबहिरी

नोकरीत असताना तू नेमकं काय करत होतीस, असं आता घरातले लहानमोठे सगळेच विचारतात. खरं उत्तर द्यायचं तर मी लोकांना डोळे मिटायला लावत होते आणि त्यांच्या अंगाला बॉलपेन टेकवत होते. हे ऐकून सगळे हसतात. हसू द्यावं. त्या काळी ज्यांना टेकवत होते तेही हसायचे, कारण पेनाआधी आम्ही कोंबडीचं पीस वापरायचो आणि मानेवर पीस फिरलं की भलेभले पुरुष अंग चोरून खिदळायचे. एका वस्तीत माझं नावच ‘गुदगुल्यावाली बाई’ पडलं होतं.

सरकारी हुद्दा मात्र भारदस्त होता, कुष्ठरोग तंत्रज्ञ. आमच्या आईला तो उच्चारायला आवडत नसे. विहारात बायका भेटल्या की ती सांगायची, पोरगी सरकारी दवाखान्यात आहे. पुढे कोणी विचारलंच तर तिला घाई असायची.

काम असं होतं. या रोगाला तेव्हा लोक महारोग म्हणत. त्याची सुरुवात पुष्कळदा अंगावर एखादा फिकट चट्टा उठून होते. तो खाजत नाही, दुखत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी दवाखान्याची पायरी कोण चढणार? म्हणून आम्हीच घरोघर जायचो. माणसाला डोळे मिटायला सांगायचं, पेन हलकेच टेकवायचं आणि म्हणायचं, कुठे लागलं तिथे बोट ठेवा. चांगल्या कातडीवर बोट अचूक येतं. चट्ट्यावर येत नाही. मग औषध सुरू करायचं आणि दर महिन्याला गोळ्या पोचवायच्या. पुष्कळ जण पापण्यांच्या फटीतून बघून बोट ठेवत. पहिलवानी करणारे तर मुद्दाम म्हणत, आपल्याला काहीच लागत नाही. परीक्षा म्हटली की माणूस कॉपी करतोच, त्याला ही परीक्षाही अपवाद नव्हती.

खरी पंचाईत पेनाची नव्हती, शब्दाची होती. आम्हाला शिकवलेला प्रश्न होता, ‘आपल्या अंगावर बधीर चट्टा आहे का?’ पहिल्याच आठवड्यात एका घरी हा प्रश्न विचारला, तर घरच्यांनी आतून आजोबांना हाताला धरून आणलं आणि माझ्यासमोर बसवलं. आजोबांना ठार ऐकू येत नव्हतं. सरकारने शेवटी दखल घेतली म्हणून घरातल्या सगळ्यांना आनंद झाला होता. त्यांचा चहा पिऊन मला काढता पाय घ्यावा लागला.

आमचे सुपरवायझर साठेसाहेब पुण्याकडचे. माणूस मनाचा फार चांगला, पण भाषेच्या बाबतीत हट्टी. मी तक्रार केली तेव्हा त्यांनी शांतपणे समजावलं की ‘धि’ ऱ्हस्व असेल तर कान आणि ‘धी’ दीर्घ असेल तर कातडी. लिहिताना हा भेद पाळावा, म्हणाले. मी म्हटलं, साहेब, मी दारात उभी राहून बोलते, लिहीत नाही. त्यावर त्यांनी मला दीर्घ लांबवून बोलायचा सल्ला दिला. तोही करून पाहिला. लोकांना वाटलं, बाईच्या घशाला काही झालं आहे.

मग मी वेगवेगळे शब्द वापरून बघितले. मुंग्या येतात का, असं विचारलं की सगळेच हो म्हणायचे, आणि मुंग्या येणं म्हणजे अजून काहीतरी कळतं आहे. हात झोपतो का म्हटलं, की बायका म्हणत, आमचा कशाला झोपते बाई, झोपायला वेळ कुठे. ‘सुन्न’ हा शब्द नागपुरात चालतो, म्हणून तो धरला. एका घरी विचारलं, काही सुन्न वाटतं का? एक बाई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. नवरा गेल्यापासून सगळंच सुन्न आहे, म्हणाली, आणि पुन्हा थापायला लागली. त्या घरी मी पेन काढलंच नाही, थोडा वेळ बसून राहिले.

शेवटी शब्द मिळाला तो गांधीबागेतल्या कापडबाजारात. तिथे कापडाच्या गाठी वाहणारा एक म्हातारा हमाल होता. त्याच्या खांद्यावर चट्टा होता आणि ओझ्याने कातडी मेली असं तो समजत होता. मी पेन टेकवून बघितल्यावर तो आपल्या हिंदीत म्हणाला, “ये तो सुनबहरी है, बाई. चमडी को सुनाई नहीं देता.” मी चकितच झाले. कान ऐकत नाही तो बहिरा, तशी कातडी ऐकत नाही ती बहिरी. साठेसाहेबांनी कोश उघडून पाहिला, तर मराठीतही सुनबहिरी हा जुना शब्द निघाला. साहेब खूश, मी त्याहून खूश. आता कोणत्याही दारात अडायचं कारण नाही, असं मला वाटलं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझी नेमणूक उमरेड भागात झाली होती. एसटीने जायचं, दिवसभर फिरायचं, संध्याकाळी नागपूरला परत. विणकरांच्या एका गल्लीत मी भागाबाईंच्या दारात उभी राहिले. घरात हातमाग चालू होता. मुलगा मारोती मागावर बसायचा, भागाबाई घर आणि गल्ली दोन्ही चालवायच्या. मागाच्या खडखडाटावर मात करायची सवय असल्याने त्यांचा आवाज मोठा होता. मीही आवाज चढवून माझा नवा शब्द वापरला आणि विचारलं, “तुमच्या घरात सुनबहिरी आहे का?”

भागाबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं.

“कोनं सांगतलं तुमाले?” त्या म्हणाल्या. “सून बहिरी काहून राहीन? चांगलं आयकू येते तिले. मी काम सांगतलं का मंग नाई येत, ते येगळं.”

शब्दाचे दोन तुकडे होऊन त्यातून कोणाची तरी सून निघेल, हे मला, साहेबांना किंवा कोशाला सुचलं नव्हतं. मी खुलासा करू लागले, पण भागाबाई ऐकायच्या पलीकडे गेल्या होत्या. त्यांचा संशय समोरच्या गिरजाबाईवर होता. आपल्या सुनेबद्दल हे तिनेच पसरवलं असं धरून त्यांनी सुनेला बाहेर बोलावलं, तेही मुद्दाम हळू आवाजात. सून लगेच आली. शेवंता तिचं नाव. वीस-बाविशीची, बारीक अंगाची, मान खाली घालून हसू दाबणारी. ती आली म्हणून भागाबाई जिंकल्या, आणि जिंकल्याच्या भरात त्यांनी सुनेचं कौतुक सुरू केलं. एरवी ते त्यांच्या तोंडून कधी निघत नसावं, कारण शेवंता आश्चर्याने बघत होती.

कौतुकात त्यांनी सांगितलं की ही भाताचा उकळता गंज, म्हणजे पातेलं, चुलीवरून नुसत्या एका हाताने उतरवते. चिमटा नको, फडकं नको. पोट्टीचा हात कसा पक्का आहे. मग रागाचा कढ पुन्हा आला आणि म्हणाल्या, पण मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसवलं तर सूत तुटून जाते आणि महाराणीला समजतही नाही.

एकाच हाताबद्दल त्या दोन्ही गोष्टी सांगत होत्या आणि त्यांना ते माहीत नव्हतं.

शेवंताला मी आतल्या खोलीत नेलं. उजव्या कोपराच्या खाली फिकट चट्टा होता. कोपरामागची नस चाचपली तर दोरीसारखी जाड लागली. करंगळी जराशी आत वळलेली, आणि तिच्या कडेला भाजल्याचा सुकलेला फोड. मी तिला डोळे मिटायला सांगितलं. दंडावर पेन टेकवलं, तिने बरोबर तिथे बोट ठेवलं. डाव्या हातावर टेकवलं, तिथेही बोट बरोबर आलं. मग चट्ट्यावर टेकवलं. पुन्हा टेकवलं. करंगळीवर जरा दाबून टेकवलं. ती डोळे मिटून, बोट हवेत धरून तशीच बसली होती.

“करा ना बाई,” ती म्हणाली. “काहून थांबल्या?”

दारात भागाबाई उभ्या होत्या. त्यांना बाहेर थांबायला सांगितलं होतं, पण त्या घरात त्यांना थांबवणारं कोणी नव्हतं. त्यांनी सगळं पाहिलं होतं. त्यांचं पहिलं म्हणणं असं की माझं पेन खराब आहे. मी त्यांच्या हातावर टेकवलं, त्या ओरडल्या. मग त्यांनी खाली बसून सुनेच्या करंगळीला स्वतःच्या नखाने चिमटा काढला. शेवंताचे डोळे अजून मिटलेलेच होते. तिला वाटत होतं पेन अजून टेकायचंच आहे. भागाबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि हे काय आहे असं विचारताना त्यांचा तो मोठा आवाज आपोआप खाली आला. बाहेरचा माग थांबला होता.

रोगाचं नाव मी सांगितलं. हा प्रकार दुसऱ्याला सहसा लागत नाही, गोळ्या पुष्कळ महिने, कदाचित काही वर्षं घ्याव्या लागतील, पण बरा होतो, हेही सांगितलं. अशा वेळी घराघरांत पुढे काय होतं ते मी पाहिलेलं होतं. मुलीचं गाठोडं बांधून तिला माहेरी पोचवतात आणि सहा महिन्यांत दुसरं लग्न होतं. शेवंतालाही ते माहीत होतं. ती रडली नाही, फक्त उठून कोपऱ्यातली आपली पेटी कुठे आहे ते तिने पाहिलं.

भागाबाईंनी ते पाहिलं. “बस तिथं,” त्या म्हणाल्या. मग मला विचारलं, “गोया घेतल्या का बरी होते ना नक्की?” मी हो म्हटलं. मारोती दारात येऊन उभा होता. त्याने एकच विचारलं की तिला भाजल्याचं आजपर्यंत कळलंच नाही का. मी नाही म्हटल्यावर तो परत मागाकडे गेला, पण माग बराच वेळ वाजला नाही.

उरला प्रश्न गल्लीचा. दर महिन्याला मी गोळ्या घेऊन येणार, लोक विचारणार, काय सांगायचं? भागाबाईंनी थोडा विचार केला आणि माझ्याच चुकीतून वाट काढली. मी निघाले तेव्हा त्या ओट्यावर उभ्या राहून गिरजाबाईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या की हो, लोक म्हणतात ते खरं निघालं, माझी सून बहिरी आहे, आणि ही कानाची बाई तिला दर महिन्याला औषध द्यायला येणार आहे.

अशी मी कानाची बाई झाले आणि शेवंता बहिरी झाली. साठेसाहेबांना मी हे सांगितलं तेव्हा ते आधी कपाळाला हात लावून बसले आणि मग म्हणाले, निदान आता ‘धि’ ऱ्हस्वच आहे.

भागाबाई त्या दिवसापासून गंज स्वतः उतरवू लागल्या. शेवंताला चिमटा, फडकं आणि रोज तेल लावून करंगळी सरळ करायचा व्यायाम, हे सगळं त्या मोठ्याने ओरडून सांगत, कारण आता ओरडायला हक्काचं कारण होतं. शेवंताला मात्र बहिरेपण जड जात होतं. गल्लीतल्या बायकांनी तिची परीक्षा घेतली. मागून भांडं पाडलं, नाव घेऊन हाक मारली. वळून बघायचं नाही हे ती शिकली. एकदा मला म्हणाली, “बाई, बहिरं राहनं सोपं नाई. हासू आवरता आवरत नाई.” कारण परीक्षेत ती पास झाल्यावर बायका तिच्यादेखत काहीही बोलू लागल्या होत्या. नळावर कोणी तिच्यासमोर आवाज खाली करत नसे. कोणाचं कोणाशी बोलणं बंद आहे, कोणाच्या सासूने दागिने कुठे ठेवलेत, भागाबाईंना पाठीमागे काय म्हणतात, सगळं तिच्यासमोर. दोन वर्षांत त्या गल्लीबद्दल तिला जितकं कळलं तितकं तिथल्या पोस्टमनलाही ठाऊक नसेल. आणि ते ती कोणाला सांगू शकत नव्हती. कधी कधी मला सांगायची, तेव्हा गोळ्या देऊन झाल्या तरी मी बसून राहायचे. नोकरीतला तो भाग मला आवडायचा, हे कशाला लपवू?

मग एका महिन्यात ती हसली नाही. नळावर गिरजाबाई आपल्या नवऱ्याची तक्रार करत होती. नवरा तुळशीराम कोळशाच्या खाणीत कामाला होता. ती सांगत होती की हे बिडी हातात धरून झोपतात, बोट जळून काळं पडतं तरी उठत नाहीत, इतकी पितात. बायका हसल्या. शेवंताने घागर उचलली आणि घरी आली. तुळशीराम दारू पीत नाही हे तिला माहीत होतं. पितो म्हणून गिरजाबाई सांगायची ती नुसती पगार मागायला येणाऱ्या दिराला टाळण्यासाठी.

शेवंताने हे मला सांगितलं त्याच दिवशी मी गिरजाबाईकडे गेले. कानाच्या बाईला माझ्या नवऱ्याच्या बोटाशी काय करायचं आहे, असं तिने विचारलं. मी खरी कोण ते सांगितलं तर शेवंताचं सगळं उघडं पडणार होतं, म्हणून मी नुसतं तपासणी तपासणी म्हणत राहिले. तिने दार लावून घेतलं. पुढच्या फेरीला पुन्हा गेले. या वेळी तुळशीराम स्वतः ओट्यावर बसला होता. त्याच्या दोन बोटांवर जुन्या जखमा होत्या आणि तिसरं बोट आखडू लागलं होतं. माझ्या अंगाला कोणी हात लावायचा नाही, एवढंच तो म्हणाला. नळावरच्या बायका बघत होत्या. मी परत फिरायच्या बेतात होते.

शेवंता तिच्या ओट्यावरून उतरली. रस्ता ओलांडून ती तुळशीरामच्या समोर आली आणि त्याच्या मांडीवरचा हात तिने उचलून धरला. नात्यागोत्यात नसलेल्या पुरुषाचा हात भर गल्लीत धरणं ही तिथे लहान गोष्ट नव्हती. स्वतःचा उजवा हात तिने त्याच्या हाताशेजारी ठेवला, करंगळी दिसेल असा.

“मले आयकू येते, भाऊजी,” ती म्हणाली. “पह्यल्यापासून येते. मले जे झालं तेच तुमाले झालं. महारोग म्हनतात त्याले. माही दोन वर्सं दवा चालू आहे, आन मी बरी होऊन राहिली. तुमची बोटं जाऊ देऊ नोका.”

नळ वाहत होता, कोणी घागर बाजूला करत नव्हतं. मी भागाबाईंकडे बघितलं. दोन वर्षं त्यांनी जे झाकलं होतं ते सुनेने उघड्यावर टाकलं होतं. त्या खाली उतरून आल्या. मला वाटलं आता ही सुनेला फरफटत नेणार. त्या शेवंताच्या बाजूला उभ्या राहिल्या आणि बायकांकडे तोंड करून म्हणाल्या, “हाव, आहे तिले. दोन वर्सं झाले, एका ताटात जेवतो आमी. कोनाले काही बोलाचं आहे?”

तुळशीरामने डोळे मिटले. ते माझ्यासाठी मिटले की लाजेने, मला कळलं नाही. मी पेन काढून टेकवलं, त्याने बोट ठेवलं नाही.

पुढचं सांगून टाकते. काही घरांनी काही दिवस भागाबाईंच्या घागरीनंतर नळ धुतला. एका घराने बोलणं टाकलं ते कायमचं. पण त्याच महिन्यात गल्लीतल्या आणखी काही जणांनी सदऱ्याची बाही वर करून मला चट्टे दाखवले. ती दोन वर्षं झाकून गेली नसती तर ते आधी आले असते, हा विचार अजून येतो. पण तेव्हा उघड केलं असतं तर शेवंताची पेटी माहेरी गेली असती, हेही तितकंच खरं, आणि या दोन्हीतून मला अजून वाट सापडलेली नाही. तुळशीरामची बोटं वाचली, जे आखडलं होतं ते तसंच राहिलं. शेवंताच्या चट्ट्यावर हळूहळू थोडी जाणीव परतली, करंगळीवर आली नाही. पुढे तिने कांड्या भरायचं सोडून मागावर बसायचं शिकून घेतलं.

गल्लीचा खरा राग मात्र रोगावर नव्हताच. तो कशावर होता हे मला नंतर उमगलं, जेव्हा बायका एकेक करून मला बाजूला घेऊन विचारू लागल्या की हिला नळावरचं सगळं ऐकू येत होतं का. सगळंच का. महारोगाची भीती त्यांनी महिन्याभरात पचवली, पण त्या दोन वर्षांत आपण काय काय बोललो ते आठवून कित्येकींची झोप उडाली होती.

आता लपवायचं काही नव्हतं, म्हणून गल्लीतली माणसं गोळ्या घ्यायला स्वतःच उमरेडच्या दवाखान्यात येऊ लागली. काही आठवड्यांनी तिथल्या बाकावर दोघी शेजारीशेजारी बसल्या होत्या, शेवंता स्वतःसाठी आणि गिरजाबाई नवऱ्यासाठी. गिरजाबाई बराच वेळ चुळबुळ करत होती. शेवटी तिने आजूबाजूला पाहून हळूच विचारलं, “शेवंता, मी नळावर तुया सासूबद्दल बोलली होती. ते तिले सांगतलं का वं तू?”

शेवंताने पदर सारखा केला.

“कोनतं वं?” ती म्हणाली. “मले तं काई आयकू आलं नाई.”